दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नाही? मग एपिलेप्सीच्या स्पेशालिस्टला गाठा

(आमच्या ईईजी सेंटरला येणाऱ्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी)

आमच्याकडे ईईजी (डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेची नोंद) काढायला येणाऱ्या काही जणांची फाइल एवढी जाड असते की तिला वेगळी पिशवी लागते. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तीन-चार प्रकारच्या गोळ्या, आणि तरी महिन्यातनं दोन-तीनदा फिट येतेच. "गोळी एकही चुकवत नाही हो, तरी असं का?" हा प्रश्न सारखा कानावर येतो. औषध सांगणं हे आमचं काम नाही आणि आम्ही ते सांगणारही नाही, पण अशा वेळी कुठल्या डॉक्टरकडे जायचं आणि ते डॉक्टर नेमकं करतात काय एवढं तरी घरच्यांना माहिती असावं, म्हणून हे पत्रक काढलंय.

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, एपिलेप्सी, नाव कुठलंही घ्या, आजार मेंदूतल्या विजेचा आहे. मेंदूच्या पेशी एरवी आपापल्या वेळेने सिग्नल देतात, त्या एकदम एकाच वेळी सिग्नल द्यायला लागल्या की फिट येते. चांगली गोष्ट ही की साधारण तीनात दोघांच्या फिट औषधाने थांबतात. उरलेल्या एकाचं काय, त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

दोन औषधांचा हिशोब

फिटच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आहे, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी, तिने २०१० मध्ये व्याख्या ठरवून दिलीय: त्या प्रकारच्या फिटला योग्य अशी दोन औषधं, सोसतील अशी आणि पुरेशा डोसमध्ये नीट घेऊनही फिट पूर्ण थांबल्या नाहीत तर तो औषधाला दाद न देणारा एपिलेप्सी धरायचा. दोनच का, दहा का नाही? तर २००० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, त्यात आधी कधीच औषध न घेतलेले ४७० पेशंट होते. पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यावर अजून १३ टक्के, आणि त्यापुढे तिसरं औषध किंवा दोन औषधं एकत्र असं करून जेमतेम ४ टक्के. त्यानंतर नवीन औषधं बरीच आली, तरी हे चित्र फार बदललेलं नाही. म्हणजे दोन औषधं नीट घेऊन झाली की तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या भरवशावर वर्षं घालवण्यात अर्थ नसतो, गोळ्या चालू ठेवायच्याच पण सोबत पुढची तपासणीही सुरू करायची. आमचं मुख्य सांगणं हेच आहे, बाकी पत्रक वाचलं नाही तरी चालेल पण एवढं घरी सगळ्यांना सांगा.

हे डॉक्टर कोण

न्यूरॉलॉजिस्ट असतात तेच, पण त्यांनी पुढे फक्त एपिलेप्सीचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं, त्यांना एपिलेप्टॉलॉजिस्ट म्हणतात. नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीत लकवा, मायग्रेन, पार्किन्सन सगळंच असतं आणि बहुतेक फिटचे पेशंट त्यांच्याकडेच छान बरे होतात. अवघड केस असेल तर त्यांनाच स्पष्ट विचारा, "सर, आम्हाला एपिलेप्सी सेंटरला दाखवायचंय, चिठ्ठी द्याल का?" यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही, बरेच जण तर स्वतःहून पाठवतात.

पहिल्या भेटीत ते गोळी बदलतील असं समजून जाऊ नका. आधी ते मागचं सगळं परत उकरून काढतात, कारण औषध लागू पडत नाही याची कारणं बऱ्याचदा साधी निघतात. एक, ती फिटच नसते. उभ्या उभ्या चक्कर येऊन पडणं, हृदयाच्या ठोक्याचा बिघाड, किंवा मनावरच्या ताणातून येणारे झटके, हे बघणाऱ्याला हुबेहूब फिटसारखे दिसतात. (ताणातून येणारे झटके म्हणजे नाटक नव्हे, हे घरच्यांनी नीट समजून घ्या, त्या माणसाला ते खरंच आवरता येत नाहीत, फक्त त्याचा उपाय फिटच्या गोळीत नसून मानसोपचारात असतो.) दोन, फिट खरी असते पण औषध दुसऱ्या प्रकाराचं चालू असतं. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये एक प्रकार असतो, सकाळी उठल्यावर हाताला झटका बसतो आणि दात घासायचा ब्रश नाहीतर चहाचा कप उडून पडतो, घरचे म्हणतात धांदरट आहे, आणि डॉक्टरांना कुणी ते सांगतच नाही. या प्रकारात कार्बामाझेपिनसारख्या औषधाने झटके उलट वाढू शकतात. तीन, गोळी चुकते. चतुर्थीचा उपवास म्हणून सकाळची गोळी नाही, लग्नात जागरण, नाइट शिफ्ट, गावाला गेलो आणि स्ट्रिप घरीच राहिली. उपवासाला गोळी चालते हो, देवाला त्यात काही वावगं वाटत नाही, पाण्याबरोबर घ्या पण घ्या.

आणि एक नाजूक विषय. पुडीचं औषध घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आपल्या देशात काही "जडीबुटी"च्या पुड्या तपासल्या तेव्हा त्यात फिनोबार्बिटोन, म्हणजे फिटचंच जुनं औषध, मिसळलेलं सापडलंय. अशी पुडी अचानक बंद केली की फिटवर फिट येऊन पेशंट आयसीयूत जाऊ शकतो.

मोबाइलचा व्हिडिओ हा अर्धा रिपोर्ट

पेशंटला स्वतःला फिट आठवत नाही, म्हणून ज्याने ती डोळ्यांनी बघितली त्याने सोबत जायलाच हवं. आणि जमेल तेव्हा व्हिडिओ काढा. आधी पेशंटला सुरक्षित करा आणि मग दुसऱ्या कुणाला शूट करायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि फिट संपल्यावर लगेच बंद करू नका. तुम्हाला वाटेल यात काय एवढं, पण हे डॉक्टर त्या दोन मिनिटांतनं खूप काही वाचतात. डावा हात वेडावाकडा ताठ झाला तर फिट बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूने सुरू झालीय. एका हाताने पदर किंवा शर्टाचं बटण उगाच चाळवत राहणं, तोंडाने चघळल्यासारखं करणं, त्याच्या आधी पोटातनं काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, हे सगळं टेम्पोरल लोबकडे, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूच्या मेंदूकडे बोट दाखवतं. फिट संपल्यावर पेशंट कुठल्या हाताने नाक पुसतो हेसुद्धा ते बघतात, कारण बऱ्याचदा फिट ज्या बाजूची तोच हात नाकाकडे जातो.

व्हिडिओ ईईजी

आमच्याकडे होतो तो साधा ईईजी, साधारण अर्ध्या तासाचा. तेवढ्या वेळात फिट येईलच असं नाही, आणि पहिल्या ईईजीत जवळपास निम्म्या पेशंटमध्ये काहीच सापडत नाही, तेव्हा "ईईजी नॉर्मल म्हणजे आजार नाही" असा अर्थ कृपया काढू नका. अवघड केसमध्ये हॉस्पिटलमध्ये काही दिवस ॲडमिट करून डोक्याला वायरी लावलेल्याच ठेवतात, समोर दिवसरात्र कॅमेरा, आणि गोळ्या हळूहळू कमी करून फिट मुद्दाम येऊ देतात. घरचे इथे घाबरतात, एवढे दिवस फिट थांबावी म्हणून धडपडलो आणि आता हे लोक आणतायत! पण ती कुठून सुरू होते हे पकडायचं तर तिला रेकॉर्डिंग चालू असताना यावंच लागतं, आणि तिथे नर्स आणि डॉक्टर हजर असतात, इंजेक्शन तयार असतं. गोळी कमी करण्याचा हा प्रकार घरी मात्र कधीही करायचा नाही.

सोबत राहणाऱ्याचं काम तिथे मोठं असतं. फिट सुरू झाली की बटण दाबायचं, अंगावरचं पांघरूण बाजूला करायचं म्हणजे हातपाय दिसतील, आणि कॅमेऱ्याच्या आड उभं राहायचं नाही. आईवडील मायेने पोराला पांघरूण गुंडाळून घट्ट धरतात आणि तीन दिवस वाट बघून आलेली फिट रेकॉर्डिंगमध्ये नुसती पाठमोरी दिसते. नर्स त्या वेळी नाव विचारेल, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगेल, त्यावरनं बोलण्याचं केंद्र कुठे आहे याचा अंदाज येतो, त्यामुळे मध्ये तुम्ही उत्तर देऊ नका.

सोबत एमआरआय परत करायला सांगतात. आधीच करून झालाय, पैसे गेलेत, परत कशाला असं वाटतं, पण एपिलेप्सीसाठीचा एमआरआय वेगळ्या सेटिंगवर, पातळ कापांमध्ये, शक्यतो ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर होतो आणि साध्या एमआरआयमध्ये न दिसलेला छोटासा व्रण त्यात दिसू शकतो. गरज असेल तर पेट स्कॅन, स्मरणशक्तीच्या आणि भाषेच्या चाचण्या, अगदी अवघड असेल तर मेंदूच्या आत बारीक तारा घालून रेकॉर्डिंग. मग न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, रेडिओलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट सगळे एकत्र बसून ठरवतात की फिटचा उगम एकाच जागी आहे का, आणि ती जागा काढली तर बोलणं, हातपाय, स्मरणशक्ती शाबूत राहील का.

ऑपरेशन म्हटलं की

"मेंदूला हात लावला की पोरगं कामातनं गेलं" हे आम्ही इतक्यांदा ऐकतो की त्यावर थोडं सविस्तर लिहायलाच पाहिजे. २००१ मध्ये कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटवर अभ्यास झाला, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना फक्त औषध. एका वर्षाने शुद्ध हरपणाऱ्या फिट ऑपरेशनवाल्यांपैकी ५८ टक्क्यांच्या थांबल्या होत्या, औषधवाल्यांपैकी ८ टक्क्यांच्या. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला, त्यात ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही ऑपरेशनं होतायत, बंगळुरूच्या निमहान्समध्ये होतात, मुंबई-पुण्यातल्या काही मोठ्या हॉस्पिटलमध्येही होतात.

धोका नसतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रक्तस्राव, इन्फेक्शन, नजरेचा वरचा एक कोपरा कमी दिसणं, नावं पटकन न आठवणं, हे होऊ शकतं आणि तुमच्या केसमध्ये किती शक्यता आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. गोळ्याही लगेच बंद होत नाहीत. पण दुसऱ्या पारड्यात चालू राहिलेल्या फिटचा धोका असतो, तोही मोजा. चुलीजवळ भाजणं, विहिरीवर किंवा नदीवर पडणं, शाळा सुटणं. आणि झोपेत अचानक मृत्यू, दर १००० पेशंटमागे वर्षाला साधारण एक, आणि ज्यांच्या मोठ्या फिट थांबलेल्याच नाहीत त्यांच्यात जास्त. हे लिहिताना आम्हालाही जड जातं, पण लपवून ठेवलं तर तुम्ही निर्णय कशावर घेणार?

सगळ्यांना ऑपरेशन लागू होत नाही. लहान मुलांमध्ये कीटोजेनिक डाएट असतो, पोळी-भात-साखर जवळपास बंद आणि तूप, लोणी, साय, खोबरेल तेल ग्रॅममध्ये मोजून. तो डायटीशियनच्या देखरेखीखालीच करायचा, यूट्यूब बघून नाही, आणि आजीने लाडाने दिलेल्या एका बिस्किटानेही तो बिघडू शकतो. शिवाय छातीत छोटी बॅटरी बसवून मानेतल्या व्हेगस नर्व्हला हलके झटके देण्याची सोय आहे, महाग आहे आणि फिट पूर्ण थांबवण्यापेक्षा कमी करायला जास्त उपयोगी पडते.

मुलींच्या घरच्यांसाठी

व्हॅल्प्रोएट नावाचं औषध चालू असेल तर लग्नाच्या, बाळाच्या खूप आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात त्याने बाळात व्यंग होण्याचा धोका वाढतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, त्याने आईचाही जीव धोक्यात येतो. आणि आजार लपवून लग्न लावलं की सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, मग ती चुकते, मग फिट येते. फक्त फिट येतात एवढ्या कारणावर लग्न रद्द करून मागायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकलीय, त्यामुळे खरं सांगून ठरवलेलं लग्न हे मुलीसाठी कधीही बरं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा. कांदा-चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर डॉक्टरांनी दिलेला मिडॅझोलॅमचा नाकातला स्प्रे मारा आणि हॉस्पिटल गाठा.

आमच्याकडे येताना

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि तेल अजिबात लावू नका, तेल असलं की वायरी चिकटत नाहीत आणि रेकॉर्डिंग खराब येतं. आम्ही टेपने डोकं मोजतो, पेन्सिलने खुणा करतो आणि पेस्टने एकवीस छोटे कप चिकटवतो, सुई नाही, शॉक नाही, केस कापत नाही. जेवून या. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर गोळी नेहमीसारखी घ्या. झोप कमी करून यायला सांगितलं असेल तर रात्री उशिरापर्यंत जागा, पण मग पेशंटला टू-व्हीलरवर मागे बसवून आणू नका, रिक्षा करा. मध्ये तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो आणि लाइट चमकवतो, त्याने मेंदूतला बिघाड दिसायला मदत होते.

स्पेशालिस्टकडे जाणार असाल तर एका कागदावर आजवरच्या सगळ्या औषधांची नावं, जास्तीत जास्त डोस किती होता आणि ते का बंद केलं हे लिहून न्या, सोबत फिटच्या तारखांची वही, आणि एमआरआयच्या नुसत्या रिपोर्टऐवजी फिल्म किंवा सीडी. ईईजीचंही तसंच आहे, आमच्याकडून कागदी रिपोर्टसोबत पूर्ण रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घ्या, पेनड्राइव्ह तुमचा आणा, कारण हे डॉक्टर आमचा निष्कर्ष वाचून थांबत नाहीत, मूळ रेषा स्वतः बघतात.