स्टेट कॉलेज (पेनसिल्वेनिया) : स्थानिक अर्थव्यवस्था

अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यात, ॲपलाचियन पर्वतरांगांमधल्या निटनी खोऱ्यात वसलेले विद्यापीठाचे गाव. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४०,५००. तीत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. येथील पेनसिल्वेनिया स्टेट युनिव्हर्सिटी (रूढ नाव पेन स्टेट) हीच परिसरातील सर्वांत मोठी रोजगारदाती. या गावात विद्यापीठ आले असे म्हणण्यापेक्षा विद्यापीठाभोवती गाव जमले असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

त्याआधी खोऱ्याचे पोट लोखंडावर चालत होते. लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा पाडण्यासाठी लाकूड हे तिन्ही जवळपास मिळत असल्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे ‘सेंटर फर्नेस’ ही भट्टी पेटली. दगडी कोळशावरच्या भट्ट्यांपुढे लाकडी कोळशाच्या भट्ट्यांचा निभाव लागला नाही आणि १८५८ मध्ये ती विझली. पण तोवर भट्टीच्या मालकांपैकी जेम्स अर्विन यांनी शेतकी शाळेसाठी २०० एकर जमीन देऊ केली होती. १८५५ मध्ये सनद मिळालेली ही शाळा, म्हणजे आजच्या पेन स्टेटचे मूळ रूप, १८५९ मध्ये ६९ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. अभ्यासाबरोबर शेतावर काम करणे त्यांना सक्तीचे होते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना महाविद्यालयांसाठी जमिनीच्या रूपाने मदत दिली आणि पेनसिल्वेनियाने त्यासाठी याच संस्थेची निवड केली. गावाच्या पुढच्या सगळ्या अर्थकारणाचा पाया या निर्णयात आहे. विद्यापीठाची दुग्धशाळा अजूनही स्वतःच्या गोठ्यातील दूध वापरते, आणि आइस्क्रीम बनवण्याचा तिचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम १८९२ पासूनचा आहे.

‘हॅपी व्हॅली’ हे खोऱ्याचे लाडके नाव. १९३० च्या दशकातील महामंदीची झळ येथे कमी बसली म्हणून ते पडले, असे सांगतात. नावाची कथा काहीही असो, त्यामागचे गणित खरे आहे: बाजार पडला तरी प्राध्यापक, कारकून, सफाई कामगार यांचे पगार होत राहतात आणि विद्यार्थी येत राहतात.

मात्र हा पैसा वर्षभर सारखा खेळत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात पंचेचाळीस हजारांहून अधिक विद्यार्थी (हे सगळेच गावाच्या हद्दीत राहत नाहीत) परतले की दुकाने, खाणावळी भरतात. मे महिन्यात गाव रिकामे होते. जुलैतील कला महोत्सव (१९६७ पासून) ही पोकळी थोडी भरून काढतो. शरदात विद्यापीठाच्या संघाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने येतात. विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियमची आसनक्षमता एक लाख सहा हजारांच्या आसपास, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या अडीच पटींहून अधिक. घरच्या मैदानावर हंगामात साधारण सातच सामने होतात, पण त्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर कितीतरी पटींनी चढतात आणि अनेक रहिवासी आपली घरे भाड्याने देऊन दुसरीकडे मुक्काम हलवतात. २०२० मध्ये महासाथीमुळे सामने प्रेक्षकांविना झाले, तेव्हा या सात दिवसांवर किती धंदे तगून आहेत ते उघड झाले.

घरभाडे हा येथील सर्वांत नाजूक विषय. बरेच भाडेकरार ऑगस्ट ते ऑगस्ट असतात आणि चांगली जागा हवी असेल तर विद्यार्थ्याला जवळजवळ वर्षभर आधी, आदल्या शरदातच सही करावी लागते. नव्या उंच इमारतींत भाडे खोलीचे नव्हे, खाटेमागे आकारतात. चौघे मिळून जेवढे देतात तेवढे एका पगारदार कुटुंबाला परवडत नाही; त्यामुळे गावातली घरे विद्यार्थ्यांकडे जातात. यावर तोड म्हणून नगरपालिकेने विद्यार्थ्यांच्या घरांमध्ये किमान अंतर ठेवण्याचे नियम केले. त्यातच विद्यापीठाच्या बहुतांश शैक्षणिक इमारतींवर मालमत्ता कर नाही आणि विद्यार्थ्यांचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने स्थानिक आयकरातूनही फारसे हाती लागत नाही. रस्ते आणि पोलीस मात्र सगळ्यांसाठीच पुरवावे लागतात. हा भार न्याय्य आहे असे म्हणता येत नाही.

विद्यापीठाच्या ज्ञानातून काही उद्योगही फुटले. जोएल मायर्स यांनी विद्यार्थिदशेत १९६२ मध्ये सुरू केलेली हवामान अंदाजाची कंपनी ॲक्युवेदर येथेच वाढली. मिनिटॅब हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर १९७२ मध्ये विद्यापीठात शिकवण्याच्या गरजेतून तयार झाले. नौदलाच्या गरजेतून १९४५ मध्ये आलेली उपयोजित संशोधन प्रयोगशाळा संरक्षण खात्याचा पैसा खोऱ्यात आणते. उलट कारखानदारी टिकली नाही: दूरचित्रवाणीच्या नळ्यांची काच बनवणारा कॉर्निंग असाहीचा कारखाना २००३ मध्ये बंद पडला आणि शेकडो कामगारांचे काम गेले. त्या कामगारांना विद्यापीठाची नोकरी आपोआप मिळणार नव्हती. ‘मंदी न लागणाऱ्या’ गावाच्या गौरवात ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

भाडे न परवडल्यामुळे खाणावळीतले स्वयंपाकी, वसतिगृहांचे सफाई कामगार, बसचालक यांपैकी अनेक जण बेलफोंट किंवा डोंगरापलीकडच्या फिलिप्सबर्गसारख्या गावांत राहतात आणि हिवाळ्यातल्या बर्फातही रोज तिथून कामावर येतात.