सैल, पांढरा, बिनबाह्यांचा

एप्रिल लागला की कपड्यांच्या दुकानात दर्शनी भागात हमखास एक गोष्ट टांगलेली दिसते: पांढरा, सैलसर, स्लीव्हलेस टॉप. कुणी तो जीन्सवर घालतं, कुणी पलाझोवर, कुणी घेरदार स्कर्टवर. 'उन्हाळ्यात पांढरं आणि सुती घालावं' हे आजीपासून ऐकत आलेलं असल्यामुळे आपण सगळं श्रेय रंगाला आणि कापडाला देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात या टॉपला तीन विशेषणं आहेत. त्यातल्या 'पांढऱ्या'ला मान मोठा आणि काम बेताचं. 'स्लीव्हलेस'चा निकाल गावागणिक बदलतो. राबराब राबतो तो बिचारा 'सैल', आणि नेमकं त्याच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

आधी अंगातल्या उष्णतेचा हिशोब. नुसतं बसून राहिलं तरी माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करत असतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती बाहेर गेली नाही तर ताप चढेल. त्वचेचं तापमान 33 ते 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्यापेक्षा गार असेल तर उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की वाहतुकीची दिशा उलटते, मग हवाच आपल्याला तापवू लागते आणि घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण सुकला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपला 100 वॅटचा बल्ब साडेसहा तास जळून जेवढी उष्णता देईल तेवढी ही झाली. अट एकच: घाम सुकला पाहिजे. कपाळावरून ओघळून जमिनीवर टपकलेला घाम फुकट गेला.

आता रंगाचं बघू. 1761 साली बेंजामिन फ्रँकलिनने एका पत्रात आपला साधा प्रयोग लिहून ठेवला आहे. कोवळ्या उन्हात बर्फावर वेगवेगळ्या रंगांचे कापडाचे तुकडे ठेवले, तर काळा सर्वात खोल रुतला आणि पांढरा वरच राहिला. काळं कापड ऊन पितं, पांढरं परतवतं. उष्ण देशात काळे कपडे नकोत, असा निष्कर्षही त्याने काढला. इथवर आजीचं आणि फ्रँकलिनचं एकमत.

पण मग सिनाई आणि नेगेवच्या वाळवंटातले बदाऊन लोक काळे झगे का घालतात? हाच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञ अमिराम श्कोलनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाला भर दुपारी नेगेवच्या उन्हात उभं केलं. कधी काळ्या झग्यात, कधी पांढऱ्या झग्यात, कधी खाकी गणवेशात, कधी नुसत्या अर्ध्या चड्डीत. हवा 35 ते 46 अंश. 1980 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की काळा झगा जास्त तापला हे खरं, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच होती. काळ्याने जास्तीची पकडलेली उष्णता आत शिरण्याआधीच वाऱ्यावर गेली. झगा जाड होता, घोळदार होता आणि अंगापासून सुटा होता, म्हणून हे जमलं.

यावरून उद्या काळा टी-शर्ट घालून नागपूरच्या उन्हात निघू नका. अंगाला चिकटलेल्या पातळ काळ्या कापडाला त्या झग्याची सवलत मिळत नाही, त्याने पकडलेली उष्णता थेट पाठीत उतरते. मुद्दा एवढाच की कापड आणि कातडी यांच्यामध्ये हलती हवा असेल, तर रंगाचं महत्त्व बरंच ओसरतं.

ही मधली हवा दुतोंडी असते. स्थिर राहिली तर गोधडीसारखी वागते, कारण थांबलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक. तीच हलू लागली की उष्णता आणि घामाची वाफ दोन्ही उचलून नेते. सैल टॉपमध्ये ती दोन प्रकारांनी हलते. अंगालगतची हवा उबदार आणि दमट होऊन वर चढते, गळ्यातून आणि मुंढ्यांतून बाहेर पडते, आणि खालच्या घेरातून नवी हवा आत ओढली जाते. धुराड्याचं तत्त्व तेच. दुसरा प्रकार चालताना घडतो: प्रत्येक पावलागणिक कापड अंगाला टेकतं, सुटतं, आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा आतबाहेर होते.

टॉप कसा घालायचा याची बरीचशी उत्तरं या धुराड्यातच आहेत. तो जीन्समध्ये पूर्ण खोचला की खालचं दार बंद. वर कितीही मोठा गळा ठेवा, हवा यायला वाटच नाही. कंबर दिसायला हवी असेल तर फक्त पुढचं टोक खोचावं, मागचा आणि बाजूचा घेर मोकळा सोडावा. कमरेला पट्टा बांधला तर तोच गोंधळ दिसायला सुंदर होतो, इतकंच. पाठीवरची सॅक म्हणजे तर धुराड्यावर ठेवलेला पाटा. बस-लोकलने जाणाऱ्यांचा टॉप मागून ओला आणि पुढून कोरडा असतो तो त्यामुळेच. खांद्यावर अडकवायची कापडी पिशवी बरी. आणि खाली घट्ट डेनिम घालून वर सैल टॉप घातला, तर अर्ध्या अंगाला उन्हाळा आणि अर्ध्याला शिशिर असं धोरण होतं. पलाझो, पातळ सुती सलवार किंवा घेरदार स्कर्ट यांतही तोच भाता चालतो.

कापडाबद्दल थोडक्यात. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन 12 टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या जॉर्जेटमध्ये घामाची वाफ आत कोंडल्यासारखी वाटते. कापसाचाही एक दोष आहे. पूर्ण भिजला की तो लवकर वाळत नाही, अंगाला चिकटून बसतो आणि धुराडं बंद करतो. त्यामुळे 'सुती' एवढं पुरेसं नाही, विणही विरळ हवी. मलमल किंवा तलम खादी जाड पॉपलिनपेक्षा सरस ठरते ती याच कारणाने. लिनन थोडं ताठ असतं, अंगापासून फटकून राहतं. इस्त्रीचे हाल होतात, पण उन्हाळ्यापुरता मी लिननचा चुरगळा माफ करून टाकला आहे.

आता स्लीव्हलेस. या विषयावर आपल्याकडे घरोघरी जी भांडणं झाली ती उष्मागतिकीच्या मुद्द्यावर झाली असती, तर दोन्ही पक्षांचा थोडाथोडा विजय झाला असता. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर जो ढोबळ हिशोब वापरतात, त्यानुसार दोन्ही हात मिळून शरीराच्या त्वचेचा सुमारे 18 टक्के भाग होतो. बाही काढली की यातला बराच भाग उघड्या हवेला मिळतो. शिवाय मुंढा मोठा असेल तर काखेतली दमट हवा निसटायला सगळ्यात सोयीची खिडकी तयार होते.

मुंबईत मे महिन्यात कमाल तापमान 33-34 अंशांच्या आसपास घुटमळतं, म्हणजे त्वचेहून किंचित कमी किंवा बरोबरीला. खरा छळ दमटपणाचा. हवेतच वाफ एवढी असते की घाम सुकायला जागा मिळत नाही. अशा ठिकाणी सावलीत, लोकलच्या दारातल्या वाऱ्यात, पंख्याखाली जितकी त्वचा उघडी तितकं बरं. रत्नागिरी, पणजी, सगळ्या किनाऱ्याला हे लागू. स्लीव्हलेसची बाजू इथे भक्कम आहे.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे गणित उलटतं. पारा 45च्या घरात, हवा कोरडी, आणि वारा म्हणजे भट्टीचा झोत. त्वचेपेक्षा दहा अंशांनी गरम हवा उघड्या दंडावर फिरली तर ती दंड तापवते, वरून ऊन असतंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांच्या घामाची मोजदाद केली होती. उघड्या अंगाने उन्हात बसलेल्यांना कपडे घातलेल्यांपेक्षा जास्त घाम गेला. विदर्भातला शेतकरी डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून, अंग झाकून उन्हात उतरतो तो उगाच नव्हे.

पुण्या-नागपूरच्या मुलींनी यावर फॅशनच्या कुठल्याही मासिकाला न विचारता तोडगा काढला आहे. आत स्लीव्हलेस टॉप, वर पांढरा सुती सनकोट आणि डोळे सोडून सगळ्या चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ. स्कूटरवर बसलं की सनकोट, कॉलेजात पोचलं की स्लीव्हलेस. बाहेरून आलेले लोक या वेशाची दहशतवादी म्हणून थट्टा करतात, करोत. पातळ, सैल, पांढरा आणि गरजेनुसार काढता येणारा थर, याहून शहाणा उन्हाळी कपडा मला तरी माहीत नाही. सनकोट नको असेल तर पुढून उघडा ठेवलेला मोठा सुती शर्ट तेच काम करतो.

ऊन टाळायचं ते फक्त उष्णतेपायी नाही. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा अतिनील किरणांपासूनचा संरक्षक अंक, म्हणजे यूपीएफ, साधारण 5 ते 8 एवढाच असतो. अंक 5 म्हणजे पाचातला एक हिस्सा किरण आरपार. घामाने किंवा पाण्याने भिजला की हा अंक आणखी घसरतो. गडद, दाट विणीचं कापड या बाबतीत कितीतरी पुढे. म्हणजे समुद्रावर दिवसभर हुंदडायचं असेल तर पांढरी मलमल हे चिलखत नव्हे. तिच्याखाली खांद्यांनाही सनस्क्रीन लावावं लागतं, उघड्या दंडांना तर लागतंच.

भिजल्यावर पांढरं कापड पारदर्शक का होतं, त्यात पांढरेपणाचं सगळं गुपित आहे. कापसाचा तंतू मुळात पांढरा नसतो, तो जवळजवळ पारदर्शक असतो. प्रकाश हवेतून तंतूत शिरताना आणि बाहेर पडताना वळतो, थोडा परततो, आणि हजारो तंतूंवर असं घडल्यावर तो सगळीकडे विखुरतो. यालाच आपण पांढरं म्हणतो. साखर, मीठ, ढग, सगळे याच न्यायाने पांढरे. हा विखुरण्याचा खेळ हवा आणि तंतू यांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यांतल्या, फरकावर चालतो: हवेचा 1, कापसाचा 1.5च्या जवळपास. पाण्याचा 1.33. तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी आलं की फरक कमी होतो, प्रकाश सरळ आरपार जातो आणि आतलं सगळं दिसू लागतं. भज्यांखालचा कागद तेलाने असाच पारदर्शक होतो.

म्हणूनच पांढऱ्या टॉपच्या आत पांढरी अंतर्वस्त्रं घालायची नसतात. ऐकायला उलटं वाटतं. पण आतलं पांढरं कापड आरपार आलेला प्रकाश जोरात परतवतं आणि शेजारची त्वचा कमी परतवते, म्हणून त्याची कड ठळक दिसते. आपल्या त्वचेशी जुळणारा रंग घातला की फरकच उरत नाही आणि डोळ्याला कड सापडत नाही. बाजारात 'स्किन कलर' म्हणून एकच फिकट गुलाबी-पिवळा रंग विकला जातो. तो नेमका कुणाच्या स्किनचा, हे दुकानदारालाच विचारावं. सावळ्या अंगाला तपकिरी छटाच उपयोगी पडते. अस्तर लावून घ्यायचं असेल तर फक्त छातीपुरतं लावा, पूर्ण लावलंत तर मलमलीचं पॉपलिन केल्यासारखं होईल.

पांढरा टॉप विकत घेताना तो दारात नेऊन बघावा. जुने दुकानदार स्वतःच 'उजेडात बघा' म्हणायचे. नव्या कापडात आणि बहुतेक साबण पावडरींत चकाकी आणणारं रसायन असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं, आणि कापड 'पांढऱ्याहून पांढरं' दिसतं. दुकानातल्या एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळपास नसतात, त्यामुळे तिथे ही चकाकी झोपलेली असते. आपली नीळ याहून साधी. पिवळट पडलेल्या कापडावर निळ्याचा हलका हात फिरवून ती पिवळेपणा मारते. खरं तर त्यामुळे कापड कणभर जास्तच प्रकाश गिळतं, पण डोळा फसतो आणि खूश होतो.

डोळा आणखी एका बाबतीत फसतो. सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा वाटा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो आणि 'पांढरा' हा शब्द फक्त दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल बोलतो. शरीरही उष्णता बाहेर टाकतं ती अवरक्त किरणांतूनच, त्यांची तरंगलांबी मुख्यतः 9-10 मायक्रॉनच्या आसपास. या किरणांसाठी सुती कापड पांढरं असो वा रंगीत, सारखंच काळं. ते त्यांना शोषतं आणि अडवतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात पॉलिथिनचं एक कापड मांडलं. पॉलिथिन म्हणजे दुधाच्या पिशवीचंच कूळ. शरीराचे अवरक्त किरण त्यातून आरपार जातात. त्यात अतिसूक्ष्म छिद्रं ठेवली की दिसणारा प्रकाश मात्र विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं आणि लाज राखतं. प्रयोगात त्याखाली सुती कापडापेक्षा सुमारे 2 अंश गार राहिलं. ही सच्छिद्र फीत आधीपासून लिथियम बॅटरीत वापरली जात होती, तिथून ती कपड्यांच्या प्रयोगशाळेत आली.

टॉपवर गळ्यात काय घालायचं? धातूचे जाडजूड ऑक्सिडाइज्ड दागिने उन्हात तापतात आणि ती उष्णता झटकन त्वचेला देतात. दोऱ्याचे, लाकडाचे, मातीचे दागिने एवढे चटकत नाहीत. फोटो काढायचा असेल तर पांढऱ्या टॉपसारखा मित्र नाही. छायाचित्रकार चेहऱ्याखाली पांढरं थर्मोकोल धरतात ना, तेच काम हा टॉप फुकट करतो. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली पडलेल्या सावल्या तो खालून उजळतो.

आणि मग त्यावर आमटी सांडते. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे नुसतं धुवून काही होत नाही. साबण लावला की डाग लालभडक होतो आणि काळजात धस्स होतं, पण घाबरू नये. साबण अल्कधर्मी असल्यामुळे कर्क्युमिनने रंग बदललेला असतो. साबणाने तेलकटपणा काढावा, खळखळून धुवावं आणि टॉप डागाची बाजू वर करून कडक उन्हात दोरीवर टाकावा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. दोन-तीन दुपारींत डाग फिका पडत पडत जातो, आणि मे महिन्यात दुपारींची टंचाई नसते.