चाळीस टक्क्यांचा दाखला आणि दोन वर्षांची कैद

जिल्हा परिषदेच्या बदल्यांचा हंगाम आला की नाशिकच्या शिक्षकांत एक प्रश्न हमखास फिरतो : "यंदा संवर्ग एकमध्ये कोण कोण शिरलं?" बाहेरच्याला त्यातलं काही कळणार नाही. फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या आणि त्यात 'विशेष संवर्ग भाग १' आला. दिव्यांग, गंभीर आजाराचे रुग्ण, विधवा, वयाची त्रेपन्न वर्षं ओलांडलेले शिक्षक अशांना आधी गाव निवडायची किंवा बदलीच नाकारायची मुभा मिळाली. सोय रास्तच होती. पण ज्या जिल्ह्यात एका टोकाला निफाड-सिन्नर आणि दुसऱ्या टोकाला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचे दुर्गम पाडे, तिथे लाभासाठी लागणाऱ्या किमान चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याला एकदम भाव आला. नोकरीतलं आरक्षण, वाहतूक भत्ता, व्यवसायकरातली माफी, एसटीची सवलत हे सगळं आधीपासून होतंच. पाड्यावरची शाळा टळणं ही त्यात पडलेली भर.

खोट्या दाखल्याला शिक्षा नवी नाही. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण होतं आणि कलम ६९ होतं : अपंगांसाठीचा लाभ कपटाने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला. प्रकार एकवीस झाले, आरक्षण चार टक्क्यांवर गेलं. कलम ६९ चं कलम ९१ झालं, दंडाची कमाल मर्यादा एक लाख झाली. कैद मात्र दोन वर्षांचीच राहिली. वरच्या जागेवरचा कर्मचारी वर्षभरात या दंडाच्या कितीतरी पट पगार घेतो, हे वेगळं सांगायला नको.

इथे जातीच्या दाखल्याशी तुलना केली की घोळ कुठे आहे ते दिसतं. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जात पडताळणीची पद्धत घालून दिली, महाराष्ट्राने २००१ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा लागू केला. दाखला देणारा एक, तपासणारी समिती दुसरी. अनुसूचित जमातींच्या दाखल्यांसाठी अशी समिती नाशिकातच बसते. शिवाय दावा खोटा ठरला तर नोकरी जाईल आणि मिळालेले पैसे वसूल होतील, हे त्या कायद्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. दिव्यांग दाखल्याला असा दुसरा दरवाजा कधी बसवलाच नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने टक्का लिहिला की वर्षानुवर्षं तोच अंतिम. कलम ९१ शिक्षेचं बोलतं, नोकरीचं काय होईल ते बोलत नाही.

आणि हे एकटं कलम घेऊन पोलिसांना फारसं काही करताही येत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा म्हणून तो अदखलपात्र ठरतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची. ती गुन्हा उघडकीस आल्यापासून मोजता येते खरी, पण नेमका कधी उघडकीस आला यावरच मग वाद. दाखला २०११ चा आणि तक्रार २०२५ ची असली की वकिलाला पहिला मुद्दा आयताच मिळतो. आरोपी सरकारी कर्मचारी असेल तर कलम ९४ आडवं येतं : सरकारची पूर्वमंजुरी हवी, नाहीतर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची तक्रार. आता असा दाखला ज्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, ते बहुतेक कर्मचारीच!

म्हणून मग भारतीय दंड संहितेतली फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं जोडीला घेतली जातात : ४२०, ४६८, ४७१. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची ३१८, ३३६, ३४०. यांतल्या फसवणुकीला आणि त्यासाठी केलेल्या बनावटगिरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, तिथे मुदतीचा प्रश्न येत नाही. खरा धाक मात्र खात्याकडूनच येतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६४ चे आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत : आधी निलंबन, मग विभागीय चौकशी, दोष सिद्ध झाल्यास बडतर्फीपर्यंत काहीही. त्यासाठी फौजदारी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

दाखल्याचा खोटेपणाही दोन प्रकारांचा असतो. एकात शिक्का, सही, नोंद सगळंच बनावट. तो पकडणं सोपं, रुग्णालयाच्या रजिस्टरात क्रमांक सापडत नाही. हाताने लिहिलेल्या दाखल्यांच्या काळात याचं पीक होतं. पुढे राज्याची संगणक प्रणाली आली आणि १ जून २०२१ पासून केंद्राच्या यूडीआयडी (दिव्यांगांच्या एकत्रित ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच दाखला देणं देशभर बंधनकारक झालं. दुसऱ्या प्रकारात कागद अस्सल, सही खरी, टक्का तेवढा फुगवलेला. हे संगणकाला कळत नाही. कानाच्या बाबतीत तर फारच अवघड, कारण साध्या श्रवणचाचणीत ऐकू आलं की नाही हे तपासून घेणाराच सांगतो. त्याच्या होकारावर न विसंबता मेंदूपर्यंत पोचलेला संकेत मोजणारी बेरा चाचणी म्हणूनच फेरतपासणीत मागितली जाते. टक्का जाणूनबुजून फुगवलेला निघाला तर सही करणारा डॉक्टरही सुटत नाही. खोटं प्रमाणपत्र देणं हा दंड संहितेत (कलम १९७) स्वतंत्र गुन्हा होता आणि नव्या संहितेतही आहे.

विषय घराघरांत पोचला तो २०२४ च्या उन्हाळ्यानंतर, पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रकरणाने. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलैला उमेदवारी रद्द केली, सप्टेंबरमध्ये केंद्राने सेवेतून मुक्त केलं. त्यातले वादग्रस्त दिव्यांग दाखले तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले होते, म्हणजे आपल्याच नाशिक महसुली विभागातल्या. वर्षभराने, २०२५ मध्ये, राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांना कर्मचाऱ्यांचे दाखले पडताळायला सांगितलं. विभागाचे सचिव तेव्हा कडक शिस्तीसाठी ओळखले जाणारे तुकाराम मुंढे होते, २०१८ मध्ये नाशिक महापालिकेचे आयुक्त राहिलेले. त्यामुळे इथल्या कर्मचाऱ्यांना आदेशाचा सूर ओळखीचा वाटला असणार.

या फेरतपासणीत एक गोष्ट बातम्यांमध्ये निसटते. टक्का मोजायची पद्धतच मधल्या काळात बदलली आहे. २००१ ची मार्गदर्शक तत्त्वं ४ जानेवारी २०१८ ला बदलली, मार्च २०२४ मध्ये पुन्हा. जुन्या मोजमापाने बेचाळीस टक्के मिळालेल्या माणसाचा नव्याने मोजल्यावर टक्का चाळिसाच्या खाली येऊ शकतो. आजार उपचाराने सुधारलेलाही असू शकतो. अशा माणसाचा पुढचा लाभ थांबू शकतो, पण कलम ९१ मधला शब्द 'कपटाने' असा आहे, आणि ते कपट तक्रारदाराला सिद्ध करावं लागतं. यादीत 'चाळीसपेक्षा कमी' असं लाल शाईत लिहिलेलं प्रत्येक नाव बोगस नसतं. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलच्या रांगेत पोलिओचा पाय घेऊन तिसऱ्यांदा उभ्या राहिलेल्या शिपायाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.