‘माझे फोटो वापरायची परवानगी नाही’ हा मजकूर चिकटवून काय होतं?

साठीनंतर फेसबुकवर यावं की नाही, हा विचार बरेचदा एकाच भीतीपाशी अडतो: खातं उघडलं की आपले फोटो कंपनीच्या मालकीचे होतात. त्यावर उतारा म्हणून ‘मी परवानगी देत नाही’ असा मजकूर आपल्या फेसबुकच्या पानावर (‘भिंतीवर’) चिकटवायचा सल्ला 2012 पासून फिरतोय. काही प्रतींत रोम कराराचा दाखलाही असतो. तो करार 1998 चा, युद्धगुन्ह्यांबद्दलचा; आपल्या फोटोंशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मालकी आपलीच राहते. खातं उघडताना आपण कंपनीला देतो तो वापरण्याचा परवाना, आणि मान्य केलेल्या अटी नंतरच्या पोस्टने बदलत नाहीत. खातं कायमचं हटवायला सांगितलं, की विचार बदलायला 30 दिवस मिळतात. त्यानंतर माहिती पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. नुसतं ‘निष्क्रिय’ केलेलं खातं मात्र पुसलं जात नाही. इथेच पुष्कळ जण फसतात.

खरा धोका वेगळाच. मित्रयादी सर्वांना दिसत असली, की कुणीही तुमचा प्रोफाइल फोटो उचलून तुमच्याच नावाने दुसरं खातं काढतो आणि यादीतल्यांकडे पैसे मागतो. म्हणून सेटिंग्जमध्ये मित्रयादी आणि जन्मतारीख ‘फक्त मी’वर ठेवा. अ‍ॅपने फोनमधले संपर्क मागितले तर नकार द्या. खातं त्यावाचूनही चालतं. प्रोफाइल फोटो मात्र सगळ्यांना दिसतोच, तेव्हा त्यात नातवंडं नकोत.