जलरंग आणि जाड रंग: प्रदर्शन पाहताना, चित्र घरी नेताना

या प्रदर्शनात दोन चित्रकार शेजारी आहेत. दोघांत साम्य शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. एक पारदर्शक जलरंगात खाडी, खाजणं, भरतीचं पाणी रंगवतो. पांढरा रंग तो वापरतच नाही, कोरा सोडलेला कागद हाच त्याचा उजेड. दुसरी चित्रकर्ती पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या सुरीने, तैलरंगाचे थर चढवते. तिची चित्रं पूर्ण अमूर्त आहेत.

आधी जलरंग पाहा. भडक लाल-नारिंगीला सरावलेल्या डोळ्याला फिकट करड्या-निळ्यातले बारीक फरक थोडा वेळ दिसतच नाहीत. म्हणूनच चित्रं आलटून-पालटून न लावता दोघांना वेगळ्या भिंती दिल्या आहेत. फक्त शेवटच्या भिंतीवर दोघांचं एकेक चित्र आहे, मध्ये दीड मीटर मोकळी जागा सोडून. जलरंग हातभर अंतरावरून पाहावा. तैलचित्र आधी चार पावलं मागून आणि मग बाजूने, म्हणजे सुरीचे उंचवटे आणि त्यांच्या सावल्या दिसतात. जलरंगांच्या भिंतीवरचा उजेड मुद्दाम मंद, सुमारे ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवला आहे. तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत चालतो.

अमूर्त चित्रापुढे ‘हे नेमकं काय आहे?’ असं खुशाल विचारा. अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेल्या प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत ओळखीच्या वस्तू असूनही पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच.

घरी नेल्यावर

दोन्ही चित्रांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत. जलरंग उजेडाने विटतो. तैलरंगातलं जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, म्हणून ते चित्र गुंडाळून कपाटात ठेवू नका.

जलरंगाला काच हवीच, पण ती कागदाला टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. कागद टेकलेला असेल तर तिथेच चिकटतो आणि बुरशी सुरू होते. दुकानात फ्रेम करताना आम्ही आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून निदान ३ मिलिमीटर अंतर ठेवतो. कागद गव्हाच्या खळीने, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, फक्त वरच्या कडेला टांगतो. चारही बाजू चिकटवल्या तर ओलीने फुगलेल्या कागदाला सरकायला जागा राहत नाही आणि तो लाटा धरतो. सेलोटेप तर अजिबात नको, तिचा पिवळा डाग कागदात मुरतो.

जाड तैलरंग वरून सुकला तरी आतून ओला राहतो, कधी महिनोन् महिने. त्यामुळे ताज्या चित्राला बबल रॅप थेट लावला की त्याचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटतात. आम्ही ही चित्रं फक्त कोपऱ्यांवर तोलून धरणाऱ्या खोक्यात देतो. ती तशीच, उभी न्या. वॉर्निश सहा महिने उलटण्याआधी नको, फार जाड थरांना त्याहून उशिरा. कॅनव्हासच्या मागे कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. पावसात कॅनव्हास सैल पडला तर त्या लगेच ठोकू नका, कोरडी हवा येऊ द्या. निसटलेली पाचर कॅनव्हास आणि चौकटीच्या मध्ये अडकली तर पुढून टेंगूळ दिसतं. ती ओढून काढू नका, चित्र आमच्याकडे आणा.

भिंत निवडताना पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत टाळा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथेच झोडपतो आणि भिंतीचा जांभा दगड पाणी शोषून धरतो. माजघराची आतली भिंत उत्तम. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर येऊ द्या. जांभ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत असतो, साधा खिळा काही दिवसांत हलतो. लांब प्लग आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरा. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजून भिंतीवर तांबूस ओघळ येतात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबरी बटणं लावून देतो, ती काढू नका. त्यांच्यामुळे मागे हवा खेळते आणि कसर-वाळवीचा माग वेळेत दिसतो.

काचेआड पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात घासली जाते. चित्र उतरवून कोरड्या खोलीत, उन्हापासून दूर, आडवं ठेवा आणि फ्रेम न उघडता दुकानात घेऊन या.