पट्ट्यांची हजेरीवही

२०२४ च्या पावसाळ्यात लंडनहून आणलेली वाघनखे पाहण्यासाठी मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयासमोर रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या गळ्यात सोन्यात मढवलेले एक नख होते आणि रांग पुढे सरकत नसल्यामुळे ते त्याची हकिकत मागच्यापुढच्यांना ऐकवत होते. ‘आतली आहेत ती लोखंडाची. हे मात्र खरं आहे, ओळखीच्या साहेबांनी दिलंय.’ ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही यात काही वावगे वाटले नाही. एकाने तर हात लावून नमस्कारही केला.

बाजारात वाघनख म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा गुराच्या शिंगापासून किंवा हाडापासून घासून बनवलेल्या असतात. तसे असेल तर हे गृहस्थ फसले होते. नख खरे असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते असे बाळगणे हा गुन्हा होता आणि ज्या ‘साहेबां’नी ते दिले त्यांचा गुन्हा त्याहून मोठा होता. पण मला घरी येईपर्यंत छळत राहिला तो वेगळाच प्रश्न. एखाद्या जंगलातला एक वाघ कमी होतो, त्याची नखे गळ्यागळ्यांतून फिरू लागतात, आणि तरीही त्या जंगलाच्या कागदावर तो वाघ जिवंतच कसा राहतो?

याचे सर्वांत कडू उत्तर राजस्थानातल्या सरिस्काने दिले आहे. २००४ पर्यंत तिथल्या कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ होते; २००५ च्या सुरुवातीला शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत झाल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी वाघ मारले हे खरे, पण ते मारले जात असताना आकडा वर्षानुवर्षे टिकून राहिला, हे काम शिकाऱ्यांचे नव्हते. भ्रष्टाचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकवलेले पाकीट येते. वन्यजीवांच्या बाबतीत मात्र फुगवलेला आकडा, न घातलेल्या गस्तीची नोंद, मालखान्यातून हलकेच बदललेले शिंग आणि गस्तीचा मार्ग आधीच कळवणारा एक फोन हे सगळे त्यातच मोडते. २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेल्या, वन्यजीवांच्या व्यापाराला आवर घालणाऱ्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेला भ्रष्टाचारावर स्वतंत्र ठराव करावा लागला, तो उगाच नव्हे.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अर्थतज्ज्ञांनी भ्रष्टाचाराचे एक सुटसुटीत सूत्र मांडले आहे: मक्तेदारी अधिक मर्जी, वजा उत्तरदायित्व. एखादी गोष्ट ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असला, ती कशी ठरवायची हे त्याच्या मर्जीवर असले आणि त्याला जाब विचारणारे कोणी नसले, की भ्रष्टाचाराला जमीन तयार होते. वाघ मोजण्याची जुनी पद्धत या सूत्रात नेमकी बसत होती. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली आणि १९७२ मध्ये तिच्याच आधारे देशात १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले. ठशावर काच ठेवायची, त्यावरून रेघ काढायची, कधी प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि मग हा ठसा कोणत्या वाघाचा हे जाणत्या माणसाने सांगायचे. चौधरींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण तोच वाघ चिखलात एक ठसा उमटवतो आणि फुफाट्यात दुसरा. उतारावर त्याची बोटे फाकतात, सावकाश चालताना ती मिटतात. एका वाघाचे दोन करणे किंवा मेलेल्याला जिवंत ठेवणे हे ठसा पाहणाऱ्याच्या हाती राहिले. वरून ‘आकडा कमी का?’ अशी विचारणा होणार असेल, तर कमी आकडा कोण लिहील?

हे वाघाच्या कातडीने बदलले, आणि इथे मला थोडे सावकाश जाऊ द्या, कारण या विषयात माझा जीव अडकला आहे.

वाघाचे पट्टे कसे तयार होतात याचा गणिती पाया ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये घातला. त्यांची कल्पना आपल्याकडच्या आठवडी बाजारावरून समजते. एखाद्या गावात चार दुकाने जमली की त्यांच्यामुळे आणखी चार येतात. बाजार स्वतःलाच वाढवतो, पण जवळच्या जवळ. त्याच वेळी तो दूरदूरची गिऱ्हाइके ओढून घेतो, त्यामुळे आसपासच्या वाड्यांत दुसरा बाजार उभा राहत नाही. म्हणून उंब्रज, मसूर, रहिमतपूर असे बाजार एकमेकांपासून अंतर राखून आहेत. गर्भातल्या कातडीत अशीच दोन प्रकारची रेणवीय द्रव्ये काम करतात असे मानले जाते. उद्दीपक स्वतःला वाढवतो, पण हळू पसरतो; रोधक त्याला आवर घालतो आणि झपाट्याने दूर जातो. या ओढाताणीतून एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे उरतात. मांजराच्या गर्भावरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डीकेके-४ नावाचे जनुक अशाच रोधकाची भूमिका करताना दिसले, तेही केसांना रंग येण्याच्या कितीतरी आधी.

पट्टे असावेत की ठिपके, ते दाट असावेत की विरळ, हे जनुके ठरवतात. नेमका कोणता पट्टा कुठे फाटा फोडेल हे मात्र आरंभीच्या बारीकसारीक योगायोगांवर ठरते. त्यामुळे एकाच वेतातल्या दोन बछड्यांचे पट्टे जुळत नाहीत. इतकेच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. आणि नमुना एकदा उमटला की तो जन्मभर तसाच राहतो.

म्हणून आता वाघ ठशांऐवजी फोटोतल्या पट्ट्यांवरून ओळखून मोजतात, आणि डावी-उजवीच्या या फरकामुळेच जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो घेणारे कॅमेरे समोरासमोर बांधावे लागतात. एकच बाजू टिपली, तर एका वाघाची डावी आणि उजवी कूस दोन वाघ म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. नव्वदीच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी ही पद्धत भारतात रुजवली आणि सरिस्काच्या नाचक्कीनंतर ती देशभर स्वीकारली गेली.

पण कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचे काय? याचे उत्तर मी घरी वाघ्या घेवड्यावर करून पाहिले. कोरेगावचा हा घेवडा अंगावरच्या पट्ट्यांमुळेच वाघ्या म्हणवला जातो, म्हणून दुसरे कडधान्य घ्यायला मन झाले नाही. डब्यातून ८० दाणे काढले, प्रत्येकावर शाईचा ठिपका दिला, ते परत टाकून डबा खळखळून हलवला आणि न बघता पुन्हा ८० दाणे काढले. त्यांत ठिपक्याचे १३ निघाले. दुसऱ्या मुठीत ठिपकेवाल्यांचे जे प्रमाण आहे तेच सगळ्या डब्यात असणार, असे धरले तर एकूण दाणे ८० गुणिले ८० भागिले १३, म्हणजे ४९२. मग सगळे दाणे एकेक करून मोजले, तेव्हा ते ५११ भरले. (त्या रात्रीच्या आमटीत शाईचे दाणे आले, हा घरात अजून निघणारा विषय आहे.) वाघाच्या बाबतीत शाई लागत नाही, पहिल्या फोटोतच त्याच्यावर खूण झालेली असते.

खऱ्या जंगलात डबा खळखळून हलवता येत नाही. वाघिणीचा वावर लहान क्षेत्रात असतो आणि नराचा मोठ्या, त्यामुळे दोघे कॅमेऱ्यासमोर येण्याची संभाव्यता सारखी नसते. कडेचे वाघ अर्धे आत, अर्धे बाहेर असतात. म्हणून प्रत्येक वाघाच्या वावराचा एक मध्यबिंदू कल्पून, त्या बिंदूपासून कॅमेरा जसजसा दूर तसतशी दिसण्याची संभाव्यता कमी होत जाते असे फलन बसवतात, आणि ज्या घनतेला हाती आलेल्या नोंदी सर्वाधिक संभाव्य ठरतात ती घनता स्वीकारतात. हे वाक्य एका वाचनात उतरले नाही तरी बिघडत नाही. महत्त्वाचे हे की यातली प्रत्येक पायरी दुसऱ्या कोणालाही तेच फोटो घेऊन पुन्हा करून पाहता येते. क्लिटगार्डच्या सूत्रातली मर्जी इथे कमी होते आणि उत्तरदायित्व वाढते. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, सुमारे साडेतीन कोटी फोटो आले, त्यांतले ७६,६५१ वाघांचे होते आणि त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ पट्ट्यांवरून ओळखले गेले.

मोजणीपेक्षाही मला या फोटोंचा दुसरा उपयोग मोलाचा वाटतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडे देशभरातल्या वाघांच्या फोटोंचा संग्रह आहे. कुठे कातडे पकडले गेले की त्याचे पट्टे त्या संग्रहाशी ताडून पाहता येतात. वाघ जिवंत असताना एकदा जरी कॅमेऱ्यासमोरून गेला असेल, तर तो कोणत्या जंगलातला आणि शेवटचा कधी दिसला, हे कातडेच सांगते. ‘आमच्याकडचा नव्हे’ म्हणून हात झटकण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हणजे भ्रष्टाचार संपला, अशा थाटाच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. कॅमेऱ्याचे कार्ड काढून घेता येते, तारीख चुकीची लावता येते, नको तो फोटो पुसता येतो. म्हणून कार्ड कोणी काढले, कोणाला दिले, प्रत कुठे गेली, ही साधी कागदी साखळी यंत्राइतकीच महत्त्वाची असते. गस्तीचेही तसेच आहे. ‘गस्त घातली, सर्व आलबेल’ ही ओळ चौकीत बसूनही लिहिता येत होती. आता एम-स्ट्राइप्स प्रणालीत वनरक्षकाच्या मोबाइलवर चाललेली वाट उमटते. पण ज्या वनमजुराची मजुरी महिनोन्‌महिने थकते, त्याला एका फोनसाठी कोणी पैसे देऊ केले तर काय होईल, याचे उत्तर कोणत्याही ॲपकडे नाही.

पैसे देऊ करणाऱ्याकडे ते कुठून येतात, हेही पाहावे लागते. मांडूळ घरात आणले की पैशांचा पाऊस पडतो, ही थाप आपल्या भागात सुशिक्षितांनाही खरी वाटते. या बिचाऱ्या सापाची शेपटी बोथट असते, म्हणून त्याला दोन तोंडे आहेत असे वाटते. बाकी चमत्कार काही नाही. ‘हाताजोडी’ नावाची जी मुळी पूजेसाठी विकतात, ती बहुधा घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे कळल्यावर किती जण ती देव्हाऱ्यात ठेवतील कोण जाणे. असल्या श्रद्धांवर जो पैसा फिरतो, त्यातलाच वाटा नाक्यावर तोंड बंद ठेवण्यासाठी खर्च होतो.

जप्त केलेला माल हाही मोठाच मोह असतो. आसामने २२ सप्टेंबर २०२१ रोजी सरकारी तिजोरीतली गेंड्याची २,४७९ शिंगे जाळून टाकली. ही शिंगे औषधी नाहीत, हे त्यातून सांगायचे होतेच. पण तिजोरीत जे उरलेले नाही ते कोणाला गुपचूप बदलताही येत नाही.

आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या रानात, वाघ इतके थोडे आहेत की घेवड्याच्या गणिताची गरजच नाही. २०१० मध्ये प्रकल्प जाहीर झाला, त्यानंतर चांदोलीत वाघाचा फोटो मिळायला २०१८ उजाडले. इथे प्रत्येक वाघ पट्ट्यांवरून ओळखला जातो, आणि त्यांतला एक जरी गैरहजर राहिला तरी तो लक्षात येतो. देशात कुठेही वाघ मेला की उलट सिद्ध होईपर्यंत ती शिकार आहे असे धरूनच तपास करायचा, असा प्राधिकरणाचा नियम आहे.

बिबट्याचे ठिपकेही माणसाच्या बोटाच्या ठशांइतकेच वेगवेगळे असतात, आणि साताऱ्या-सांगलीकडचे कितीतरी बिबटे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर उसात वाढतात. तिथे ना समोरासमोरचे कॅमेरे आहेत, ना आधीचे फोटो. फडात तोड चालू असताना मेलेला बिबट्या सापडला, तर त्याच्या पंजांना नखे किती होती, हे पंचनाम्यात जे लिहिले जाईल तेच खरे मानावे लागते.