गोचीड भिंतीत, औषध गाईवर

गाईला गोचिड्या झाल्या की औषध आणायचं आणि तिच्या अंगावर मारायचं, ही आपल्याकडची ठरलेली रीत. कोणती गोचीड झाली आहे, हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. खरं तर अर्धा इलाज तिथेच ठरतो.

विदर्भातल्या गोठ्यात मुख्यतः दोन जातींची गाठ पडते. एक 'रिपिसेफॅलस मायक्रोप्लस'. ही आखूड पायांची, आणि रक्त पिऊन फुगली की राखाडी-निळसर मण्यासारखी दिसते. पिल्लू म्हणून ज्या जनावरावर चढते त्याच्यावरच साधारण तीन आठवडे राहते, तिथेच मोठी होते आणि पोट भरलं की अंडी घालायला खाली पडते. दुसरी 'हायलोमा'. तपकिरी, लांब पायांची. त्या पायांवर फिकट पट्टे असतात आणि ती चांगलीच पळते. हिचा संसार फिरता. रक्त पिऊन खाली उतरायचं, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या फटीत शिरून कात टाकायची आणि पुन्हा नवं जनावर शोधायचं. आयुष्यातला मोठा काळ ती गाईवर नसतेच. मातीच्या भिंतीचा, पोपडे सुटलेला गोठा हेच तिचं खरं घर.

रोगही या दोघींनी वाटून घेतले आहेत. पहिलीकडून बबेसिया येतो. हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, म्हणून लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. दुसरीकडून थायलेरिया, म्हणजे ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो तो.

गोचीड रोग पसरवते हे कळलं कसं, तो प्रयोग वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत टेक्सासकडची गुरं उत्तरेला नेली की ती स्वतः ठणठणीत राहायची, पण उत्तरेतली गुरं पटापट मरायची. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न या संशोधकांनी दक्षिणेकडच्या गुरांच्या अंगावरच्या सगळ्या गोचिड्या वेचून काढल्या आणि मगच ती उत्तरेच्या गुरांत सोडली. कोणी आजारी पडलं नाही. मग दुसऱ्या कुरणात दक्षिणेचं एकही गुरू न सोडता नुसत्या गोचिड्या पसरल्या, तर गुरं आजारी पडली. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या, कुणालाही न चावलेल्या पिल्लांनीही रोग दिला. हा रोग बबेसियाचाच होता. म्हणजे बबेसिया आईकडून अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. 1893 साली हे प्रसिद्ध झालं. गोचीड, डास यांसारखे जीव रोग वाहून नेतात याच्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी तो एक, आणि तो गुरांच्या डॉक्टरकीतून आला याचा मला फार अभिमान वाटतो.

थायलेरिया अंड्यांतून जात नाही. हायलोमाच्या पिल्लाने रोगट जनावराचं रक्त प्यावं, कात टाकावी आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावावं, तेव्हाच तो पसरतो. त्यातही गोचीड चिकटल्याबरोबर रोग देत नाही. तिच्या लाळग्रंथीत परजीवी पिकायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज संध्याकाळी कास, कान, शेपटीची मुळी आणि मानेखालची पोळी चाचपून गोचीड काढणाऱ्याच्या गाईला धोका खरोखर कमी असतो. काढताना चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढावी, नखांत चिरडू नये. जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत माणसांत क्रायमियन-काँगो हा जीवघेणा ताप आढळला, त्याचा विषाणू मुख्यतः हायलोमाच वाहते. चिरडलेल्या गोचिडीतून तो माणसाच्या अंगात शिरू शकतो.

गाईच्या शरीरात थायलेरिया जे करतो ते थक्क करणारं आहे. तो पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगाच्या पेशीसारखं बेसुमार वाढायला लावतो. पेशी दुभंगायला लागली की तिच्या आतल्या धाग्यांना चिकटून स्वतःही दोन्हीकडे वाटला जातो. गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते ती यामुळेच. बुपारव्हाक्वोन देऊन परजीवी मारला की तीच पेशी वाढायची थांबते. कर्करोगाचे अभ्यासकही या परजीवीकडे लक्ष ठेवून असतात ते याच कारणाने.

आपली गवळाऊ गाय या तापाला सहसा दाद देत नाही. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकरित गाईला मात्र 105-106 अंश ताप चढतो, डोळे पांढरे पडतात, दूध आटतं. म्हैस बहुधा वरून निरोगी दिसते, पण परजीवी बाळगून असते. संकरित गाय आणि म्हैस एकाच दावणीला असतील तर हे ध्यानात ठेवा. या रोगाची लस भारतात बनते, 'रक्षाव्हॅक-टी'. पण ती द्रव नायट्रोजनमध्ये जपावी लागते आणि गावापर्यंत पोचता पोचता तिथेच अडते. ताप आला की इंजेक्शनच्या आधी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायला डॉक्टरांना सांगावं. आधी औषध दिलं की निदान धूसर होतं.

औषध 'लागू पडत नाही' ही तक्रारही खरी आहे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांना न जुमानणाऱ्या मायक्रोप्लस गोचिड्या भारतात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. कपाशीवर बोंडअळीने जे दाखवलं तेच इथे: पाणी जास्त, औषध कमी, आणि वर्षानुवर्षं एकच डबा. त्यावर उपाय म्हणून कपाशीचं औषध गाईला लावणारे आहेत. कृपा करून ते करू नका, गाय दगावते. त्यापेक्षा भेगा लिंपा, जनावरं बाहेर काढून भिंती-फटींत फवारा, आणि अंडी औषधाने मरत नाहीत म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा.

आता जंगलाकडे. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिराच्या काठच्या गावांत गायकी, म्हणजे गुराखी, आखरावरून (गावची गुरं जमायच्या जागेवरून) ढोरं घेऊन निघतो, आणि ज्या गवतातून ती जातात त्यातूनच चितळ, रोही (नीलगाई) आणि गवेही जातात. गोचिडीला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून ती वाट पाहते. त्या पायांवर वास आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड हेरणारं इंद्रिय असतं. संशोधक पांढरं फडकं गवतावरून ओढत नेतात ते तिला फसवायलाच. जवळून काही चाललंय असं वाटून ती फडक्याला चिकटते, मग चिमट्याने उचलून कुपीत टाकायची.

2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा कुत्र्यांच्या डिस्टेंपर विषाणूबरोबर बबेसियाही सापडला होता. त्यामुळे वाघाला बेशुद्ध केलं की रक्तासोबत त्याच्या अंगावरच्या गोचिड्याही घेणं मोलाचं ठरतं. चितळ-सांबरांच्या रक्तात थायलेरिया सापडल्याच्या नोंदी भारतात आहेत, पण ती जनावरं बहुतेक वेळा आजारी दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली चितळाचा थायलेरिया आणि गाईचा थायलेरिया ओळखू येईल इतके वेगळे नसतात, म्हणून जनुकाचा क्रम वाचावा लागतो. दोन्ही एकच निघाले तर नुसत्या गोठ्याच्या भिंती लिंपून भागणार नाही, चराईची वेळ आणि जागाही ठरवावी लागेल. वेगळे निघाले तर चितळावरचा आळ उतरेल, आणि काठच्या गावांतली संकरित वासरं लस देऊन वाचवता येतील.